पायरीवरून कोणालाही उठवू नये

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, अविवाहित, महानगरपालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त, राहणार याच घरात, असे लिहून ठेवते की मी पूर्ण शुद्धीवर आहे. किती शुद्धीवर आहे हे ज्यांना तपासायचे असेल त्यांनी सोसायटीच्या गेल्या सभेला हजर असलेल्या कोणालाही विचारावे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याचा प्रयत्न काही जणांनी केला. त्यांचा उल्लेख योग्य जागी येईल.

डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, महिना विचारला, आणि शहराचा कारभार सध्या कोण पाहते असे विचारले. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी दिली. तिसऱ्याचे उत्तर "कोणीही नाही" असे दिले. त्यांनी तिन्ही उत्तरे बरोबर धरली.

सर्वांची पूर्ण नावे ओळखपत्रांप्रमाणे वकिलांनी वेगळ्या पानावर घेतली आहेत. इथे मी माणसांना ज्या नावाने ओळखते त्याच नावाने लिहिणार आहे. वकिलांचे म्हणणे होते की मृत्युपत्र दीड पानात होते, जास्त लिहिले की लोक त्यातून भांडणे काढतात. मी म्हटले, भांडणे मीच काढून ठेवते, मागच्यांना श्रम नकोत.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवल्यास ते खोटे समजावे, आणि दाखवणाऱ्याचे नाव लिहून घ्यावे.

कलम १. मालमत्ता

तळमजल्यावरचा कोपऱ्याचा फ्लॅट क्रमांक एक: दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर. ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. तिच्यात वडिलांचा, भावाचा किंवा आणखी कोणाचा छदामही नाही. चतुःसीमा अशा: पूर्वेला वाहनतळ, ज्यात माझे वाहन नाही. दक्षिणेला इमारतीचा जिना, ज्यावरून उतरणारे लोक माझ्या दाराशी आले की आवाज हळू करतात, कारण त्यांचा विषय मीच असते. पश्चिमेला सोसायटीच्या सेक्रेटरींचे घर, खाली-वर दोन मजल्यांचे, वर गॅलरी. भिंत सामाईक आहे, मते नाहीत. उत्तरेला मोठा रस्ता, आणि माझ्या पुढच्या दारातून त्या रस्त्यावर उतरणाऱ्या रुंद दगडी पायऱ्या.

या पायऱ्या माझ्या आहेत. त्या माझ्या कशा झाल्या हे नमूद करणे आवश्यक आहे, कारण मी गेल्यावर पहिला वाद तिथेच होणार.

फार वर्षांपूर्वी त्यांचा दगड फुटला. दुरुस्ती करायची म्हणजे खर्च सगळ्या घरांवर वाटला जाणार. तेव्हा सेक्रेटरींनी सभेत उभे राहून मुद्दा मांडला की या पायऱ्या फक्त फ्लॅट एकच्या दाराशी जातात, इतर कोणाच्याही नाही. म्हणून त्या फ्लॅट एकची खाजगी बाब आहेत, सोसायटीचा त्यांच्याशी काही संबंध नाही. ठराव एकमताने मंजूर झाला. टाळ्या वाजल्या. प्रत्येक घराचे जे वाचले त्यात एका माणसाचे बाहेरचे जेवणही झाले नसते. मी मुकाट्याने दगड बसवून घेतला, आणि ठरावाच्या प्रतीवर शिक्का मारून मागितला. शिक्का मारून मागण्याची सवय मला नोकरीने लावली.

पुढे त्या पायऱ्यांवर लोक बसायला लागले आणि सोसायटीला तिथे लोखंडी गेट हवेसे झाले, तेव्हा यांच्याच वकिलाने यांना सांगितले की तुम्ही ती जागा स्वतःच्या हाताने देऊन बसला आहात. सेक्रेटरी माझ्याकडे आले.

"मॅडम, तो ठराव फक्त खर्चापुरता होता."

"मग मालकी कशापुरती असते?"

याचे उत्तर त्यांनी अद्याप दिलेले नाही. त्याऐवजी त्यांनी एक शिट्टी आणली आहे. कोणी पायरीवर टेकले की हे सद्गृहस्थ गॅलरीतून शिट्टी वाजवतात. बँकेत आयुष्यभर मोठ्या हुद्द्यावर होते म्हणे. म्हातारपणी माणसाला आपले खरे काम सापडते ते असे.

कलम २. कारण

वकिलांच्या मते कायद्याला कारण लागत नाही. मला लागते.

पाणी खात्यात मी एकतीस वर्षे तक्रारीच्या खिडकीवर बसले. बसले हा शब्द महत्त्वाचा आहे. खिडकीच्या आत खुर्ची होती, बाहेर रांग होती. नळाला पाणी नाही हे सांगायला माणसे सकाळी यायची आणि दुपारपर्यंत उभी राहायची. राजकारणावर मी जाड जाड पुस्तके वाचली आहेत, बरीचशी इंग्रजीत. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे ती सोयही होती आणि खोडही. त्या सगळ्या पुस्तकांत जे आहे ते माझ्या खिडकीतून चष्म्याशिवाय दिसायचे. काही माणसे बसलेली असतात आणि बाकीची उभी असतात. बसलेल्यांना हळूहळू असे वाटू लागते की उभे राहणाऱ्यांना उभे राहायला आवडते. यापलीकडे राज्यकारभाराचे मला काही समजलेले नाही, आणि ज्यांना समजले त्यांनी काय दिवे लावले ते मी रोज पाहते.

खिडकीबाहेर एक बाक ठेवावा म्हणून मी खात्याच्या प्रमुखांकडे अर्ज केला. ते म्हणाले, "बाक ठेवला की तक्रारी वाढतात." मी जुन्या कागदांच्या खोलीतला एक लांब बाक शिपायाच्या मदतीने बाहेर आणला. तक्रारी खरोखरच वाढल्या. ज्यांना उभे राहता येत नव्हते ती माणसे यायला लागली: गुडघ्यांचे रुग्ण, पोटुशा बायका, तान्ही मुले घेतलेल्या आया. म्हणजे तोपर्यंत त्यांच्याकडे पाणी व्यवस्थित येते असे आम्ही धरून चाललो होतो. प्रमुखांनी बाक आत नेला, मी बाहेर आणला, त्यांनी पुन्हा आत नेला. त्यांची बदली झाली, बाकाची झाली नाही.

शाळेचेही सांगून टाकते. आमच्या शाळेत शिक्षा म्हणून बाकावर उभे करत. वर्गातली सर्वांत उंच जागा, आणि तिथे पोचण्यासाठी काहीतरी वाईट करावे लागे. पुढे शहराचे पुढारी जवळून पाहिले तेव्हा ही व्यवस्था मला ओळखीची वाटली.

कलम ३. माझा भाऊ

माझा धाकटा भाऊ या प्रभागाचा नगरसेवक होता. लोक त्याला साहेब म्हणतात. मी त्याला धाकटा म्हणते. आई लवकर गेली, तेव्हा त्याला मी वाढवले. त्याचे नाक पुसले, त्याच्या पाठ्यपुस्तकांना कव्हरे घातली, आणि तिसऱ्या खेपेला तो पदवी परीक्षा पास झाला तेव्हा पेढे वाटण्याइतका खोटेपणाही केला. त्याच्याजवळ एकच गोष्ट होती. आवाज. त्या आवाजात काय घालायचे हे त्याला सुचत नसे.

त्याचे राजकारण माझ्या पायऱ्यांवर सुरू झाले. संध्याकाळी कामावरून परतणारी माणसे तिथे दम खायला टेकायची. हा दारात उभा राहून त्यांच्याशी बोलायचा. चहा माझा, पायरी माझी, आणि वाक्यही माझे. वाक्य असे: "ज्या शहरात फुकट बसायला जागा नाही ते शहर नव्हे, दुकान आहे." मी ते एकदा जेवताना सहज बोलले होते. त्याने दुसऱ्या दिवशी ते पायरीवर म्हणून दाखवले, आणि एक म्हातारा हमाल उठून उभा राहिला आणि म्हणाला, "हे खरं आहे." त्या निवडणुकीत ते वाक्य भिंतीभिंतीवर रंगवले गेले, खाली धाकट्याचे नाव, आणि तो निवडून आला.

निवडून आल्यावर तीन वर्षांनी त्याने शहर सुंदर करायला घेतले. शहर सुंदर करायचे म्हणजे त्यातून माणसे कमी करायची. आमच्या रस्त्यावरचे सगळे बाक काढले. त्यांच्या जागी लोखंडाचे तिरके दांडे लावले, ज्यांना पाठ टेकता येते पण ज्यांच्यावर बसता येत नाही. दुकानांपुढच्या कट्ट्यांवर काटेरी पट्ट्या ठोकल्या. उद्घाटनाला रिबीन होती. मी गेले नाही. रात्री तो जेवायला आला, तेव्हा विचारले.

"ताई, तुला नाही कळत. बसायला जागा दिली की लोक बसतात."

"हो. त्यालाच बसायची जागा म्हणतात."

"दुकानदार तक्रार करतात. बसणारा माणूस काही विकत घेत नाही."

"मग तुझं ते वाक्य?"

"ते निवडणुकीचं होतं, ताई."

मी त्याच्यासमोरचे ताट उचलले. भात अजून वाढायचा होता. तो माझ्या घरी जेवला नाही तो तेव्हापासून.

कलम ४. रस्ता

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मी पहिल्यांदा एकटी बँकेत गेले. परत येताना अर्ध्या वाटेवर पाय थरथरायला लागला. बसायला काही नव्हते. तिरक्या दांड्याला टेकून पाहिले; त्यावरून घसरायला होते, तसाच बनवला आहे. शेवटी मी एका बंद दुकानापुढे पदपथाच्या कडेला बसले, इस्त्रीची साडी, हातात पर्स. दोन मिनिटांत एक सुरक्षारक्षक आला.

"आजी, उठा. इथे कोणाला बसू द्यायचं नाही, साहेबांनी सांगितलंय."

मी म्हटले, तुमच्या साहेबाचं नाक मी पुसलेलं आहे.

"सगळेच असं सांगतात, आजी," तो म्हणाला. उद्धटपणे नाही, थकल्यासारखा म्हणाला. तोही सकाळपासून उभाच होता. त्यालाही कोणी स्टूल दिले नव्हते.

मी उठले आणि घरापर्यंत आले. कशी आले ते माझे मला माहीत. पायऱ्यांवर एक मुलगा पार्सलची पिशवी उशाला घेऊन बसला होता, शेजारी कोपऱ्यावरचा चावीवाला डबा खात होता. मला पाहून दोघे सरकले. मी माझ्याच घराच्या पायरीवर परक्या माणसांच्या मधे बसले. कोणी काही विचारले नाही. शहराविषयी माझे जे काही तत्त्वज्ञान आहे ते तेवढेच आहे: अनोळखी माणसाला पाहून सरकणे, आणि काही न विचारणे. याला ममता म्हणू नये. ममता घरच्यांसाठी असते, आणि घरच्यांकडून काय मिळते ते मी वर लिहिले आहे.

त्या दिवशी मी हे मृत्युपत्र मनात लिहायला घेतले.

कलम ५. वाक्य

वर नमूद केलेले वाक्य माझी जंगम मालमत्ता आहे. ते मी माझ्या भावाला दिले नव्हते, वापरायला दिले होते. या मृत्युपत्राद्वारे मी ते परत घेते. यापुढे त्याने, त्याच्या पक्षाने किंवा त्याच्याविरुद्ध उभे राहणाऱ्यांनी ते छापू, रंगवू किंवा माइकवर म्हणू नये. वकिलांनी सांगितले की वाक्यावर असा हक्क चालत नाही. चालत नसेल तर नसो. निदान चोरी कोणती हे तरी लिहिलेले राहील.

कलम ६. घर

वर नमूद फ्लॅट, त्यातील सर्व वस्तू (कलम ८ मधील सोडून) आणि बँकेतील ठेवी मी माझ्या भावाच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला देते. ती रक्ताच्या प्रयोगशाळेत काम करते आणि बापाचे घर सोडून भाड्याच्या खोलीत राहते. स्वभावाने हेकट आहे. मला तिच्यातले तेवढेच आवडते.

अट एकच. पुढच्या दाराच्या पायऱ्यांना गेट, साखळी, काटे, कुंड्या किंवा कोणताही अडथळा लावू नये, आणि तिथे बसलेल्या कोणालाही उठवू नये. अट मोडल्यास घर तत्क्षणी माझ्या जुन्या शाळेच्या सिस्टरांच्या संस्थेकडे जावे. सिस्टरांनी एकदा पाय ठेवलेली जागा सोडल्याचे माझ्या ऐकिवात नाही. मग सोसायटीने त्यांच्याशी इंग्रजीत भांडावे.

भाचीशी मी हे आधी बोलले आहे, मागाहून तिने मला मेल्यावर शिव्या घालू नयेत म्हणून.

ती म्हणाली, "आत्या, तू मला घर देत नाहीयेस. भांडण देतेयस, त्याच्यासोबत दोन खोल्या देतेयस."

मी म्हटले, भांडण आधीपासून आहे, खोल्या नव्या आहेत.

"आणि बाबा आले माझ्याकडे, गेट लाव म्हणाले तर?"

"तुझे बाबा आहेत. तुला काय म्हणायचं ते म्हण."

ती म्हणाली, "त्यांना सांगेन, पायरीवर बसून वाट बघा." मी त्याच दिवशी वकिलांना फोन केला.

माझा भाऊ हे कलम वाचून म्हणेल की मुलीला दिले म्हणजे मलाच दिले. तसे नाही. मुलीला दिले म्हणजे तुला नाही दिले.

कलम ७. पायऱ्यांचे नियम

मी संत नाही आणि पायऱ्यांवर बसणारेही नाहीत. ते कागद टाकतात, मोठ्याने फोनवर बोलतात, आणि मी पाणी विचारले तर थंड नाही का म्हणतात. थुंकणाऱ्याला पुसायला लावावे. पुसून झाल्यावर बसू द्यावे. काय काम आहे, कुठून आलात, किती वेळ बसणार, हे विचारू नये. जो विचारतो त्याच्या हातात आज ना उद्या शिट्टी येते. निवडणुकीची सभा तिथे घेऊ नये, अगदी चांगल्या माणसाचीही. चांगला माणूस निवडून येईपर्यंत असतो.

कलम ८. किरकोळ

पाणी खात्याचा लांब बाक माझ्या बाहेरच्या खोलीत आहे. मी निवृत्त झाल्यावर तो भंगारात निघाला, तेव्हा मी तो घेतला. तो भाचीने ठेवावा आणि त्याच्यावर कपड्यांचा ढीग घालू नये.

माझे इंग्रजी शब्दकोश सेक्रेटरींच्या पत्नीला द्यावेत. तिला वाचायची हौस आहे आणि नवऱ्याने घरात फक्त वर्तमानपत्राची परवानगी ठेवली आहे. शब्दकोशात शोधायला पुष्कळ शब्द आहेत. तिला हवा तो सापडेल.

तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना माझी गळकी बादली. त्या रोज भर दुपारी, लोक बसलेले असताना, पायऱ्या धुतल्याच पाहिजेत म्हणून वरून पाणी सोडतात. एकतीस वर्षे मी या शहराला पाण्याच्या एका हंड्यासाठी रडताना ऐकले आहे. त्या बादलीने ओतले तर निदान थोडे पाणी त्यांच्याच घरात राहील.

सेक्रेटरींना मी काही देत नाही. त्यांनी मला पायऱ्या दिल्या, तेवढा व्यवहार पुरे.

साड्या कोणीही आठवण म्हणून नेऊ नयेत. आठवण यायची असेल तर साडीशिवायही येते. त्या रुग्णालयातल्या आयांना वाटाव्यात, इस्त्री करून.

कलम ९. देह

माझा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. शोकसभा घेऊ नये. चौकात माझा फोटो, आणि त्याच्या चौपट माझ्या भावाचा फोटो, असा फलक लावू नये. तरी कोणी चार माणसे जमलीच, तर दोन मिनिटे उभे राहून शांतता पाळण्याचा प्रकार करू नये. बसून राहावे. एवढ्या मोठ्या शहरात माणसाला आडवे होण्याआधी थोडा वेळ बसायला मिळावे, याहून अधिक मी आयुष्यात काही मागितलेले नाही, आणि तेवढ्यासाठी मला भांडखोर म्हटले गेले. म्हणणारे चूक नव्हते.

कलम १०. व्यवस्थापक

या मृत्युपत्राची व्यवस्था वकिलांनी पाहावी. त्यांनी नऊ कलमे जशीच्या तशी टंकलिखित करून दिली, फक्त दोनदा उसासा टाकला.

कलम ११. (सह्या होण्यापूर्वी हाताने जोडलेले)

आज सह्या करायच्या होत्या. साक्षीदार म्हणून डॉक्टरीणबाई आणि चावीवाला ठरले होते. दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळत नाही, हे मी मुद्दाम पाहिले आहे. डॉक्टरीणबाईंना उशीर होत होता. मी खिडकीशी आले तर पायरीवर एक पाठ दिसली. ओळखायला वेळ लागला नाही. त्या पाठीवर मी पुष्कळ साबण लावला आहे.

गेल्या आठवड्यात त्याच्या पक्षाने त्याचे तिकीट कापले. ही बातमी मी वाचली होती, दुसऱ्या चहाबरोबर, चवीने. आता तो एकटा होता. गाडी नाही, माणसे नाहीत, फोनही वाजत नव्हता. त्याने दाराची घंटा वाजवली नाही. मीही दार उघडले नाही. पण काय काम आहे असे विचारले नाही, कारण तो नियम मीच केला आहे आणि त्याची शाई अजून ओली आहे.

चावीवाला आला, पायऱ्यांपाशी थांबला, आणि म्हणाला, "सरका जरा, साहेब." धाकटा सरकला. चावीवाला शेजारी बसला आणि त्याने डबा उघडला.

मग शिट्टी वाजली. सेक्रेटरींना गॅलरीतून फक्त डोकी दिसतात आणि त्यांचे डोळे आता पूर्वीसारखे नाहीत. लांब, कर्कश शिट्टी, आणि वरून आवाज: "ए, उठा तिथून. बसायची जागा नाही ही." चावीवाला ढिम्म हलला नाही, त्याला सवय आहे. माझा भाऊ उठून उभा राहिला. या रस्त्यावरचे सगळे बाक ज्याने काढले तो माणूस, एका शिट्टीसरशी, शाळेतल्या पोरासारखा.

मला हसू यायला हवे होते. वर्षानुवर्षे मी या दृश्याची वाट पाहिली असती, जर ते सुचले असते. मी खिडकी उघडली.

"पायरी माझ्या नावावर आहे," मी वर बघून म्हटले. "ठराव तुमचाच आहे. आत जा." आणि खाली बघून म्हटले, "खाली बस."

तो बसला. माझ्याकडे वळला नाही. थोड्या वेळाने रस्त्याकडे बघतच म्हणाला, "ताई, वकील येऊन गेला म्हणे."

"हो."

"मला काय ठेवलंस?"

"जिथे बसलायस ते."

चावीवाल्याने त्याच्यापुढे डबा केला, त्याने मान हलवून नको म्हटले.

कोणी असे समजू नये की माझे मन विरघळले. वरील दहा कलमांतले एक अक्षर मी बदललेले नाही. वाक्य परत घेतले आहे ते घेतलेच आहे, घर मुलीचे आहे ते तिचेच आहे. पण कोणालाही म्हणजे कोणालाही. नियमातून एका माणसाला वगळले की त्याचाही ठराव होतो, टाळ्या वाजतात, आणि पुढच्या वर्षी गेट बसते.

म्हणून असे नमूद करते: माझ्या धाकट्या भावाला मी माझ्या पायऱ्यांवर बसण्याचा हक्क देते, तहहयात, रस्त्यावरच्या कोणत्याही माणसाला आहे तितकाच, त्याहून बोटभरही जास्त नाही. दुसरे कोणी आले की त्याने सरकावे.

हे मृत्युपत्र मी वाचले, समजले, आणि मला ते पसंत आहे.

सही: लिहून ठेवणार, फ्लॅट क्रमांक एक

साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई. उशिरा आल्या, सही दारात उभ्याने केली, बसा म्हटले तरी.

२. चावीवाला. सही पायरीवर बसून, कागद गुडघ्यावर ठेवून केली.

दोघांनी माझ्यासमोर व मी दोघांसमोर सही केली.

ठिकाण: पुढच्या दाराच्या पायऱ्या

दिनांक: १९ फेब्रुवारी, मंगळवार

टीप: सह्या होत असताना वारा होता. कागद उडू नये म्हणून ज्याने त्याचा कोपरा धरून ठेवला तो साक्षीदार नव्हे. त्याची सही घेतलेली नाही.